थ्रेड लिफ्टनंतरचे सहा आठवडे : गाणं शिकवणाऱ्या एका बाईचा अनुभव

मी मिरजेत राहते आणि गाणं शिकवते. वय ५६. गेल्या नोव्हेंबरात, दिवाळी आटोपल्या आटोपल्या, पुण्यातल्या एका स्किन क्लिनिकमध्ये चेहऱ्याची थ्रेड लिफ्ट करून घेतली, म्हणजे कातडीखाली दोरे घालून उतरलेले गाल वर ओढून घेतले. आता जून संपत आलाय, म्हणजे साडेसात महिने होऊन गेले. क्लिनिकचं नाव देत नाही. तिथल्या एका गोष्टीबद्दल माझी तक्रार आहे आणि ती त्यांना समोर बसून सांगून झाली आहे. हे लिहितेय ते ज्यांच्या मनात असं काही करून घ्यायचं घोळतंय त्यांच्यासाठी. त्यातही ज्यांचं काम तोंड उघडल्याशिवाय होत नाही, त्यांनी नीट वाचा.

आधी कारण सांगते. दोन वर्षांत माझं ११ किलो वजन उतरलं. साखर काठावर आली होती म्हणून चालणं सुरू केलं, रात्रीचं जेवण लवकर घ्यायला लागले आणि ते जमलं. पण वजनाबरोबर गालही उतरले. हनुवटीच्या दोन्ही बाजूंना, जबड्याच्या कडेवर, कातडी पिशवीसारखी लोंबायला लागली. ओठांचे कोपरे खाली ओढले गेले. मागच्या गुरुपौर्णिमेला क्लासच्या मुलींनी कार्यक्रमाचा व्हिडिओ केला होता. त्या दिवशी यमन मनासारखा झाला होता, मी अगदी सुखात होते, आणि व्हिडिओत पाहते तर चेहरा कुणावर तरी चिडल्यासारखा. क्लासमधल्या सात वर्षांच्या मुलीने तर एकदा तानपुरा जुळवताना विचारलं, “ताई, तुम्ही रागावलात का?” मी रागावले नव्हते. ते मला फार लागलं. वय दिसण्याचं मला वाईट वाटत नाही, मनात नसलेला राग चेहऱ्यावर दिसतो याचं वाटलं.

पुण्यात कोथरूडला माझी धाकटी बहीण राहते. तिच्या ओळखीतून हे क्लिनिक कळलं. ऑगस्टमध्ये कोयनेने जाऊन पहिली भेट घेतली. डॉक्टर मॅडम त्वचारोगात एम. डी. आहेत, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक भिंतीवर लावलेला होता. हे मी मुद्दाम पाहिलं, तुम्हीही बघा. चेहऱ्याच्या कातडीखाली नसा असतात, रक्तवाहिन्या असतात, कानापुढे लाळेची ग्रंथी असते. तिथे सुई घालणारा माणूस कोण आहे हे माहीत असायलाच हवं. पार्लरमध्ये करायचं हे काम नव्हे.

मॅडमनी मला ताठ बसवलं आणि हातात आरसा दिला. आपण सगळ्या जणी आरशासमोर करतो तेच मी केलं : दोन्ही तळव्यांनी गाल कानाकडे ओढून दाखवले आणि म्हटलं, असं हवंय. त्या म्हणाल्या, “काकू, इतकं होणार नाही. इतकं हवं असेल तर ते ऑपरेशन, प्लास्टिक सर्जनकडे. दोऱ्यांनी याचा थोडा भाग मिळेल, आणि तोही साधारण वर्षभर.” गळ्याच्या कातडीत काही फरक पडणार नाही, नाकापासून ओठांकडे येणारी घडी जेमतेम हलेल, जबड्याची कड मात्र सुधारेल, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. आज मागे वळून पाहते तर त्यांचा शब्द न् शब्द खरा निघाला. म्हणून डॉक्टरांबद्दल माझं काहीही गाऱ्हाणं नाही.

दोरा म्हणजे नेमकं काय, हेही त्यांनी दाखवलं. माझ्यासाठी पीडीओचा, म्हणजे पॉलिडायोक्झॅनोनचा दोरा होता. ऑपरेशनमध्ये आतले टाके घालायला हाच पदार्थ कित्येक वर्षं वापरतात. शरीरातल्या ओलाव्याने तो हळूहळू विरघळतो आणि सहा ते आठ महिन्यांत नाहीसा होतो. पीएलएलए आणि पीसीएल नावाचे आणखी दोन प्रकार आहेत, ते जास्त टिकतात आणि महागही असतात. पूर्वी न विरघळणारे पॉलिप्रॉपिलीनचे दोरे घालायचे, ते कायमचे आत राहत. दोरा गुळगुळीत असेल तर तो कातडीला थोडा कसदारपणा देतो, ओढत नाही. ओढायला काटेवाला दोरा लागतो, त्याला कॉग म्हणतात. मी तो बोटावरून फिरवून पाहिला. गवताचं कुसळ साडीत शिरलं की एका दिशेने सरकतं आणि उलटं ओढलं की अडकतं ना, अगदी तसा. सगळा खेळ त्या कुसळांचा आहे. कातडीखालच्या चरबीत ती रुततात, वर ओढून धरतात, आणि दोऱ्याभोवती शरीर स्वतःचं नवं कोलॅजन तयार करतं. दोरा गेल्यावर जे काही उरतं ते या कोलॅजनमुळे.

तयारी फार नव्हती, पण महत्त्वाची होती. तीन महिन्यांच्या साखरेचा रिपोर्ट मागितला. व्रण उंच गाठीसारखे वाढतात का, हे विचारलं. मी माशाच्या तेलाच्या आणि व्हिटॅमिन ईच्या गोळ्या घेत होते, त्या आठवडाभर आधी बंद करायला लावल्या, कारण त्यांनी काळंनिळं जास्त होतं. (हृदयासाठी ॲस्पिरिन चालू असेल तर ती मात्र आपल्या मनाने बंद करायची नाही, ज्या डॉक्टरांनी दिली त्यांना विचारायचं.) आणि दातांचं काही काम असेल तर आधी उरकून या, नंतर महिनाभर दंतवैद्याच्या खुर्चीत बसता येणार नाही, असं बजावलं. माझ्या दाढेला कॅप बसवायची राहिली होती, ती मिरजेत करून घेतली. हा सल्ला मला सगळ्यात उपयोगी पडला.

पैशांचं एका दमात सांगून टाकते. दर दोऱ्याला ९,००० रुपये, प्रत्येक बाजूला चार, म्हणजे ७२,०००. काउंटरवर तेवढाच आकडा सांगितला होता. बिल करताना १८ टक्के जीएसटी लागला आणि एकूण ८४,९६० झाले. सौंदर्यासाठीच्या उपचारांवर हा कर असतो आणि विम्यातून यातलं काही मिळत नाही. आकडा विचारताना ‘कर धरून किती’ असंच विचारा.

आता प्रत्यक्ष दिवस. चेहरा धुवून समोरून आणि दोन्ही बाजूंनी फोटो काढले. बसलेलं असतानाच पेनाने रेघा आखल्या, कारण आडवं झालं की गाल मागे जातात आणि माप चुकतं. मग केस घट्ट बांधले, बीटाडीनने पुसलं आणि कानशिलाजवळ, केसांच्या रेषेत, बधिर करायची इंजेक्शनं दिली. ती झोंबतात. त्यात ॲड्रिनलिन मिसळलेलं असतं, त्यामुळे दोनतीन मिनिटं छातीत धडधडलं. मॅडमनी हे आधीच सांगितलं होतं, म्हणून घाबरले नाही.

त्यानंतर दुखलं नाही. पण ऐकू आलं, आणि हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. बोथट टोकाची लांब नळी कानशिलातल्या छिद्रातून आत शिरते आणि तिरकी खाली जबड्याकडे सरकते, त्या वेळी आतून करकर आवाज येतो. ताज्या कोबीचं पान मोडावं तसा. हवेतून येणारा आवाज आणि हाडातून येणारा आवाज यांतला फरक मला कळतो, हा सरळ कवटीतून येत होता. दुसऱ्या नळीला माझ्या मुठी आवळल्या गेल्या. सिस्टरने हात धरला. मग मी डोळे मिटून मनातल्या मनात सा लावून धरला, आणि आठही दोरे होईपर्यंत सोडला नाही. नळी काढली की दोरा आत राहतो, डॉक्टर वरच्या टोकाला ओढ देतात, हाताने कातडी बसवतात आणि बाहेर राहिलेलं टोक कापतात. सगळं मिळून पन्नास मिनिटं लागली.

आरसा हातात आला तेव्हा चेहरा जरा जास्तच वर गेलेला होता आणि कानशिलाजवळ कातडीच्या चुण्या पडल्या होत्या. दोन आठवड्यांत खाली बसेल, मुद्दाम थोडं जास्त ओढतो, असं सांगितलं. तसंच झालं.

इथून माझी तक्रार सुरू होते. क्लिनिकमधली जी मुलगी आधी सगळं समजावते, काउन्सेलर म्हणतात तिला, तिने दोन वेळा सांगितलं होतं, “मॅम, लंच टाइममध्ये होतं, दोन दिवसांत तुम्ही एकदम नॉर्मल.” त्या दोन दिवसांच्या हिशेबाने मी तारीख ठरवली. माझ्या क्लासच्या मुलींची गांधर्व महाविद्यालय मंडळाची गाण्याची परीक्षा नोव्हेंबर-डिसेंबरच्या सत्रात होती. ऐन तयारीचे दिवस. फॉर्मवर व्यवसाय विचारला होता, मी ‘संगीत शिक्षिका’ लिहिलंही होतं, पण त्याचा अर्थ काय होतो हे मला कुणी विचारलं नाही. मीही डॉक्टरांना स्वतःहून सांगितलं नाही, कारण दोन दिवसांचीच तर गोष्ट होती.

खरा हिशेब असा. पहिल्या रात्री आठच्या सुमारास बधिरपणा उतरला आणि कानशिलं घट्ट आवळून बांधल्यासारखी ठणकायला लागली. पॅरासिटामॉलने झोपण्यापुरतं बरं वाटलं. उताणं आणि डोकं उंचावर ठेवून झोपायचं होतं. बहिणीने दोन उशा दिल्या आणि झोपेत कूस वळू नये म्हणून दोन्ही बाजूंना चादरींच्या गुंडाळ्या लावल्या. तीन आठवडे मी तशीच झोपले. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सूज सगळ्यात जास्त. उजव्या गालावर जांभळा डाग आला, तो सहाव्या दिवशी हिरवट-पिवळा झाला आणि बाराव्या दिवशी गेला. पाच दिवस अँटिबायोटिक. थंड शेक, तोही मलमलच्या कापडातून, टेकवून, दाबून नाही.

खाण्याचे हाल बहिणीने होऊ दिले नाहीत. मऊ भात, मुगाची खिचडी, रव्याची खीर, कुस्करलेलं केळं, ताक. पण लहान चमच्याने, कारण मोठा चमचा तोंडात जाईल इतकं तोंड उघडायचं नव्हतं. स्ट्रॉने ओढून प्यायचं नाही, गाल आत जातात. भाकरी मी चौथ्या आठवड्यात खाल्ली, तीही दुधात कुस्करून. जांभई आली की हनुवटीखाली तळवा धरायचा. एकदा पहाटे अर्धवट झोपेत जांभई निसटली आणि डाव्या कानशिलात अशी कळ आली की उठून बसले.

चौथ्या दिवशी डाव्या गालावर, बोलताना, एक खळगा दिसायला लागला. खळी पडते तसा नाही, आतून कुणी टाचणीने धरून ठेवावं तसा. क्लिनिकला फोन केला. काउंटरवरून उत्तर, “नॉर्मल आहे मॅम, जाईल.” फोटो पाठवला, त्यावर दोन निळ्या खुणा आल्या आणि उत्तर आलं नाही. ते दोन दिवस मी फार वाईट काढले. परगावाहून आलेली, चेहरा सुजलेला, आणि हे असंच राहिलं तर काय या विचाराने जेवण जाईना. सहाव्या दिवशी बहीण मला घेऊन सरळ क्लिनिकमध्ये गेली. मॅडमनी पाच मिनिटांत पाहिलं, अंगठ्याने एका ठरावीक दिशेने हळूहळू दाबत नेलं, आतून बारीक ‘टक’ झालं आणि खळगा जवळजवळ गेला. एक कुसळ वरच्या थरात अडकलं होतं. त्यांनी माझी माफी मागितली, फोटो त्यांच्यापर्यंत पोचलाच नव्हता, आणि स्वतःचा नंबर लिहून दिला. असे खळगे पडतात, बहुतेक आपोआप किंवा डॉक्टरांच्या हाताने जातात. घरी स्वतः चोळू नका. पण ताप, वाढत जाणारी लाली, पू, दोऱ्याचं टोक बाहेर येणं, चेहऱ्याची एक बाजू हलेनाशी होणं, यातलं काही दिसलं तर काउंटरच्या ‘नॉर्मल’वर थांबायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठायचं. म्हणून पैसे भरण्याआधीच डॉक्टरांचा थेट नंबर मागून घ्या.

नवव्या दिवशी मास्क लावून मिरजेला परतले. आमच्या घरी माहीत होतं, ह्यांनी स्टेशनवर पाहिलं आणि फक्त “दुखतंय का?” एवढंच विचारलं. दुसऱ्या दिवशी क्लास.

आकार, म्हणजे ‘आ’ म्हणत सूर, लावायला तोंड उघडलं आणि मध्य सप्तकातच दोन्ही कानशिलांत चिमटा बसला. पुढे तार षड्जाचा, म्हणजे वरच्या ‘सा’चा, प्रश्नच नव्हता. पुण्याला फोन केला तेव्हा मॅडम क्षणभर गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, “काकू, तीन आठवडे अजिबात नाही. तुम्ही गाता हे मला आधी कळायला हवं होतं.” काटे नीट रुतण्याआधी जबडा मोठा उघडला की दोरा सैल होतो किंवा सरकतो.

मग मी पेटीवर शिकवलं. तोंड मिटून हुंकारात सूर दाखवायचा, मुलींनी आकारात म्हणायचा. मंद्राचा, म्हणजे खालच्या सप्तकाचा, रियाज हुंकारातच केला. बंदिशीचे बोल बोटभर तोंड उघडून सांगितले. पण तान हुंकारात दाखवता येत नाही. तान कुठून निघते, जबडा कुठे मोकळा सोडायचा, हे समोर बसून गाऊन दाखवायचं असतं. परीक्षेला बसणाऱ्या दोन मुलींच्या ताना त्या तीन आठवड्यांत कच्च्या राहिल्या. त्या पास झाल्या, चांगल्या झाल्या, पण मला माहीत आहे की ताना कुठे अडखळल्या आणि का. पैशांपेक्षा, खळग्यापेक्षा, मला हे जास्त सलतं.

आणखी एक गोष्ट, छोट्या गावात राहणाऱ्यांसाठी. हेल्मेट गालावर दाबून बसतं. तीन आठवडे माझी स्कूटी बंद होती, रिक्षाने फिरले. पार्लरमधलं फेशियल, चेहऱ्याचा मसाज हेही महिनाभर बंद. छिद्रांजवळ तेल आठवडाभर नाही.

चौथ्या आठवड्यात आकार हळूहळू परत आला. सहाव्या आठवड्यात तार सप्तक मोकळं झालं आणि मी आमच्या खोलीत दार लावून तासभर गायले.

आता चेहऱ्याचं. महिन्याने तो सगळ्यात छान दिसत होता. जबड्याची रेघ पुन्हा रेघ झाली होती, ओठांचे कोपरे आडवे आले होते. ओळखीच्या बायका म्हणाल्या, झोप चांगली झालेली दिसते. काय केलं, असं कुणीही विचारलं नाही. तानपुऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुती दोरा असतो. आमच्या सतारमेकर गल्लीतले कारागीर तो केसभर सरकवतात आणि जवारी, म्हणजे तारेचा झंकार, खुलते. लांबून बघणाऱ्याला काही कळत नाही, ऐकणाऱ्याला कळतं. बदल तेवढाच होता आणि मला तेवढाच हवा होता. तिसऱ्या महिन्यात थोडा उतरला. आज फोटो शेजारी ठेवले तर साधारण निम्मा राहिलाय, उजवीकडे डावीपेक्षा जरासा जास्त. गळा होता तसाच आहे, मॅडमनी सांगितल्याप्रमाणे.

मला गुण द्यायला सांगितले तर डॉक्टरांच्या हाताला आणि खरेपणाला पाचपैकी पाच, आधी मिळालेल्या माहितीला दोन, काउंटरला एक. मार्चमधल्या तपासणीला गेले तेव्हा मी मराठीत एक कागद लिहून नेला होता : शिकवणाऱ्यांना, गाणाऱ्यांना, कीर्तनकारांना, बासरी-सनई वाजवणाऱ्यांना तीन आठवडे काय करता येणार नाही. मॅडमनी तो वाचला, दोन गोष्टी त्यात स्वतःच्या हाताने घातल्या आणि व्यवसायाच्या रकान्याखाली आता ‘कामात तोंड मोठं उघडावं लागतं का?’ हा प्रश्न छापून घेतलाय. तो छापलेला फॉर्म त्यांनी मला फोनवर पाठवला.

मागच्या आठवड्यात क्लिनिकमधून टच-अपसाठी फोन आला होता, चार दोरे, सवलतीत, तारीख जुलैच्या पहिल्या आठवड्यातली. मी नाही म्हटलं. जुलैत गुरुपौर्णिमा आहे. यंदा पूरिया धनाश्री घेतलाय आणि तार सप्तकातलं काम अजून बसायचंय.